छोट्या गाडीचे ऑईल : मीटर कमी पाहा, कॅलेंडर जास्त

संपादक महोदय,

चवथ जवळ आली की गोव्यातल्या गॅरेजांपुढे गाड्यांची रांग लागते. गावच्या घरी जायचे, माटोळीचे सामान आणायचे, पाहुण्यांना ने-आण करायची, तेव्हा त्याआधी गाडीची एकदा सर्व्हिसिंग करून घ्यावी ही आपल्याकडची रीतच आहे. या गर्दीत ऑईलचा विषय निघाला की गॅरेजवाला मीटर पाहतो. मागच्या वेळेपासून तीनेक हजार किलोमीटर झालेले असतात. मग ‘अजून चालेल, पुढच्या वर्षी बघू’ असे ठरते आणि मालकही खूश होतो. घरगुती छोट्या गाडीच्या बाबतीत हा हिशेब साफ चुकतो. तो का चुकतो आणि ऑईल निवडताना, बदलताना काय पाहावे, हे आपल्या वाचकांपर्यंत पोहोचावे म्हणून हे पत्र.

ताळगावात घर आणि पणजीत कचेरी असेल तर गाडी दिवसाला जाऊन-येऊन दहा किलोमीटर चालते. महिन्याचे २५ दिवस धरले तर २५० किलोमीटर आणि वर्षाचे ३,०००. कंपनीच्या पुस्तिकेत बहुतेक पेट्रोल गाड्यांसाठी ‘१०,००० किलोमीटर किंवा १२ महिने, जे आधी होईल ते’ असे असते. त्यातला पहिलाच आकडा धरून बसले तर तेच ऑईल तीन वर्षांहून जास्त काळ इंजिनात राहणार. पुस्तिकेची पाने आणखी थोडी उलटली की कठीण वापरासाठीचा वेगळा तक्ता सापडतो. तिथे मुदत बहुधा निम्मी असते, म्हणजे ५,००० किलोमीटर किंवा ६ महिने. कठीण वापर कशाला म्हणायचे तेही तिथेच दिलेले असते: धुळीचा रस्ता, चढउतार, खारी हवा, वाहतुकीत थांबत-थांबत चालणे आणि वरचेवर आठ किलोमीटरपेक्षा कमी अंतराच्या फेऱ्या. डिचोली, साखळी, उसगाव, कुडचडे भागातली खनिजाची धूळ, किनारपट्टीची खारी हवा आणि पर्वरीची कोंडी ध्यानात घेतली तर या यादीत न बसणारी गाडी गोव्यात शोधावीच लागेल.

या सगळ्यात सर्वांत वाईट ती छोटी फेरी, आणि नेमके तेच कोणाला पटत नाही. ‘गाडी फारशी चालवतच नाही, मग ऑईल कसे खराब होईल?’ असा प्रश्न हमखास येतो. त्याचे उत्तर पाण्यात आहे. एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. त्यातले बहुतेक सायलेन्सरमधून जाते, पण थोडी वाफ आणि थोडे न जळलेले पेट्रोल पिस्टनच्या रिंगांच्या बाजूने खाली, ऑईल साठते त्या चेंबरमध्ये उतरते. इंजिन पुरेसे तापले तर ही वाफ आणि पेट्रोल उडून जाते आणि श्वसननळीतून पुन्हा ओढून जाळले जाते. तापले नाही तर दोन्ही ऑईलमध्येच राहतात. डॅशबोर्डवरचा काटा पाच मिनिटांत मध्यावर येतो खरा, पण तो कूलंटचे, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे, तापमान दाखवतो. ऑईल तापायला त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ लागतो. म्हणजे ताळगावची गाडी कचेरीसमोर उभी राहते तेव्हा ऑईल नुकते कुठे कोमट झालेले असते. संध्याकाळी परतताना पुन्हा तेच.

हे पाणी ऑईलमधली आम्ल मारणारी रसायने संपवते आणि काजळीशी मिसळून मळी तयार करते. ऑईल भरण्याचे झाकण उघडल्यावर आतल्या बाजूला दह्यासारखा पिवळट थर दिसला तर समजावे की गाडी तापण्याआधीच बंद होते आहे. तेवढ्यावरून हेड गॅस्केट (कूलंट आणि ऑईल वेगळे ठेवणारे इंजिनातले सील) गेले असा निष्कर्ष काढून कोणी घाबरवले तर लगेच हो म्हणू नये. डिपस्टिकवरचे, म्हणजे पातळी पाहायच्या सळीवरचे, ऑईल स्वच्छ असेल, कूलंटची पातळी उतरत नसेल आणि गाडी गरम होत नसेल, तर दोष बहुधा छोट्या फेऱ्यांचाच असतो. डिपस्टिकवरही दुधाळ ऑईल आले आणि कूलंटही कमी होत असेल, तर मात्र गाडी चालवू नये.

पावसात गाडी पडवीत उभी असते आणि बॅटरी उतरू नये म्हणून घरचे कोणी तरी रोज पाच मिनिटे इंजिन चालू करून ठेवतात. इंजिनाच्या दृष्टीने याहून वाईट सवय नाही. पाच मिनिटांत पाणी तयार होते, ते उडून जाण्याइतकी उष्णता मात्र होत नाही. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा गाडी बाहेर काढून पणजी ते फोंडा असा २५-३० किलोमीटरचा सलग फेरा मारावा. बॅटरी भरते आणि ऑईलमधले पाणीही उडून जाते. मोपाहून काणकोणपर्यंत भाडे घेऊन जाणाऱ्या टॅक्सीचे ऑईल १०,००० किलोमीटर टिकते ते याचमुळे. ते तासन् तास तापलेले असते. टॅक्सीवाल्याचा नियम घरच्या गाडीला लावता येत नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे: वर्षाला पाच-सहा हजारांपेक्षा कमी चालणाऱ्या गाडीचे ऑईल महिन्यांवर बदलावे. रोजच्या फेऱ्या खूपच छोट्या असतील तर सहा महिन्यांनी, अधूनमधून लांबचा प्रवास होत असेल तर वर्षाने. वर्षातून एकदाच बदलणार असाल तर चवथीच्या आधी बदलू नका, पाऊस सरल्यावर ऑक्टोबरमध्ये बदला. चार महिन्यांचा दमटपणा आणि पाणी घेतलेले ऑईल तेव्हा बाहेर जाते आणि गॅरेजवाल्यालाही काम नीट करायला सवड असते. फुल्ली सिंथेटिक टाकले म्हणून ही मुदत वाढत नाही. ते उष्णतेला जास्त टिकते, पण त्यात मिसळणारे पाणी आणि पेट्रोल तेवढेच असते.

आता कोणते ऑईल. कॅनवर ०डब्ल्यू-२० असा दोन आकड्यांचा ग्रेड लिहिलेला असतो. इथे एक समजूत फार घट्ट बसली आहे: आपल्याकडे उकाडा, म्हणून ऑईल दाट हवे, ०डब्ल्यू म्हणजे थंड देशांसाठी. यातला डब्ल्यू थंडीचाच आहे. ०डब्ल्यू ऑईलची चाचणी उणे ३५ अंशांवर होते, ५डब्ल्यूची उणे ३० वर, १५डब्ल्यूची उणे २० वर. पण ऑईलला ‘थंड’ काय हे बर्फावरून ठरत नाही. चालू इंजिनातले ऑईल १०० अंशांच्या आसपास असते. त्या मानाने मडगावची २५ अंशांची सकाळसुद्धा थंडच. तेव्हा कुठलेही ऑईल तापलेल्या अवस्थेपेक्षा कितीतरी पट दाट असते. इंजिन सुरू झाल्यावरचे पहिले काही सेकंद सर्वांत जास्त झीज होते. पहिला आकडा जितका लहान, तितके ऑईल त्या वेळी लवकर वर पोहोचते. दुसरा आकडा, म्हणजे १६, २०, ३०, ४०, हा १०० अंशांवरचा दाटपणा. इंजिनाचे तापमान थर्मोस्टॅट आणि रेडिएटर सांभाळतात. बाहेर २८ अंश आहेत की ३४, याने त्यात फारसा फरक पडत नाही.

मारुतीच्या बीएस-६ (एप्रिल २०२० पासूनच्या प्रदूषण नियमांच्या) पेट्रोल इंजिनांना ०डब्ल्यू-१६ सांगितलेले आहे. इतर कंपन्यांच्या बऱ्याच नव्या छोट्या गाड्यांना ०डब्ल्यू-२०, थोड्या जुन्यांना ५डब्ल्यू-३०. अशा इंजिनांत बेअरिंगमधली फट, ऑईल पंप, व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा हे सगळे त्या पातळ ऑईलचा विचार करून बनवलेले असते. व्हॉल्व्हची यंत्रणा तर ऑईलच्याच दाबावर, बारीक जाळ्यांतून चालते. त्यात २०डब्ल्यू-४० ओतले तर सकाळी टॅपेटचा आवाज वाढतो, पिकअप जड लागतो, पेट्रोलही थोडे जास्त जाते. उलट ३० किंवा ४० सांगितलेल्या जुन्या इंजिनात ‘नवीन आले आहे’ म्हणून ०डब्ल्यू-१६ टाकणेही तितकेच चूक. पुस्तिकेत एकापेक्षा जास्त ग्रेड दिलेले असतील आणि जुनी गाडी ऑईल खात असेल, तर त्यांतला दाट ग्रेड घ्यायला हरकत नाही. पुस्तिका हरवली असेल तर ऑईल भरण्याच्या झाकणावर पाहावे, बऱ्याच गाड्यांत ग्रेड तिथेच उठवलेला असतो.

ग्रेडइतकेच दर्जाचे अक्षर महत्त्वाचे. पेट्रोलसाठी एपीआय या अमेरिकन संस्थेच्या मालिकेत एसएल २००१ चे, एसएम २००४ चे, एसएन २०१० चे आणि एसपी २०२० चे. नवे अक्षर जुन्याच्या जागी चालते, जुने नव्याच्या जागी नाही. दुकानात स्वस्तात मिळणारा कॅन बहुधा एसएल किंवा एसएमचा निघतो, तेवढे कॅन फिरवून मागच्या बाजूला पाहावे. स्कूटर-मोटारसायकलचे ऑईल घरात असते म्हणून ते गाडीत टॉप-अपला वापरू नये. मोटारसायकलच्या ऑईलवर जासो एमए हा जपानी दर्जा लिहिलेला असतो, ते ओल्या, म्हणजे ऑईलमध्येच फिरणाऱ्या, क्लचसाठी बनवलेले असते. गाडीचे ऑईल मोटारसायकलला घातले तर क्लच घसरू शकतो.

डिझेलवाल्यांसाठी थोडक्यात: बीएस-६, म्हणजे एप्रिल २०२० नंतरच्या, गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो. त्याला कमी राखेचे ऑईल लागते. एसीईए या युरोपीय दर्जाचे सी२ किंवा सी३, पुस्तिका सांगेल ते. सतत छोट्या फेऱ्या झाल्या तर हा फिल्टर जाळून साफ होण्याची क्रिया अर्धवट राहते आणि डिझेल ऑईलमध्ये उतरते. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली तर आनंद मानू नये, ऑईल ताबडतोब बदलावे.

वॉरंटीतली गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्येच न्यावी. वॉरंटी संपलेल्या गाडीचे ऑईल घरी बदलणे कठीण नाही, फक्त घाई नको. लागते ते असे: पुस्तिकेत सांगितलेले ऑईल, नवा ऑईल फिल्टर, चेंबरच्या नटाचे नवे वायसर, १४ किंवा १७ नंबरचा रिंगपाना, फिल्टर पाना, पाच लिटरचे पसरट टब, नरसाळे आणि चिंध्या. गाडी सपाट जागी लावून इंजिन पाच-सात मिनिटे चालवावे, म्हणजे ऑईल वाहते होते आणि गाळ सोबत निघतो. फार तापवू नये, हात भाजतो. हॅण्डब्रेक ओढून, पहिल्या गिअरमध्ये ठेवून, मागच्या चाकांना अडण लावावी. गाडी उचलायची तर जॅकनंतर लोखंडी स्टँड हवाच. आपल्याकडे अंगणात चिरे सहज मिळतात आणि लोक तेच गाडीखाली रचतात. चाकाला अडण म्हणून चिरा चालेल, भार पेलायला कदापि नाही. तो सच्छिद्र असतो, दिसायला शाबूत असतो आणि एका क्षणात फुटतो.

ऑईलचे झाकण उघडून मग नट सोडावा. शेवटचे आटे हाताने, नट वर दाबून फिरवत सोडले तर तो टबात पडत नाही. दहा-पंधरा मिनिटे थेंब थांबेपर्यंत निथळू द्यावे. फिल्टर सोडला की त्याची रबरी रिंग त्याच्यासोबतच आली आहे ना ते पाहावे. हे पाहणे राहून गेले, जुनी रिंग इंजिनाला चिकटून राहिली आणि तिच्यावर नवा फिल्टर बसला, तर इंजिन सुरू होताच दाबाने सगळे ऑईल बाहेर फेकले जाते. ही चूक चांगल्या गॅरेजांतही होते. नव्या फिल्टरच्या रिंगला बोटाने ताजे ऑईल लावावे, हाताने फिरवून रिंग टेकल्यावर आणखी पाऊण फेरा. पान्याने आवळू नये. ‘फिल्टर एकाआड एकदा बदला’ असे सांगणाऱ्याचे ऐकू नये. जुन्यात पाव लिटरच्या आसपास घाण ऑईल राहते आणि ते नव्यात मिसळते. स्वस्तातल्या नकली फिल्टरमध्ये ऑईल परत वाहू न देणारा पडदा नीट नसतो, मग सकाळी इंजिन सुरू होताना दोन-तीन सेकंद खडखडाट ऐकू येतो.

नट आधी हाताने आटे पकडेपर्यंत बसवावा. ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे एकदा गेले की खर्च हजारांत जातो. आवळण्याचे प्रमाण बहुतेक छोट्या गाड्यांत ३५ ते ४० न्यूटन-मीटरच्या घरात असते. टॉर्क पाना नसेल तर आखूड पान्याने मनगटाच्या जोरावर आवळावे, पाइप लावून अंगाचा भार टाकू नये. समुद्रकाठच्या गाड्यांचे पत्र्याचे चेंबर खालून गंजतात. खाली आहातच तर तेही बोटाने चाचपून पाहावे.

सर्वांत जास्त चुका ऑईल भरताना होतात. बाजारात ३.५ लिटरचा कॅन येतो आणि छोट्या इंजिनाला फिल्टरसह लागते साधारण २.७ ते ३.५ लिटर. कॅन आणला आहे म्हणून पूर्ण ओतला जातो. जास्त झालेले ऑईल क्रँकशाफ्ट घुसळतो, त्याला फेस येतो, फेसाने ऑईलचा दाब कमी होतो, आणि श्वसननळीवाटे ऑईल हवेच्या नळीत जाऊन निळा धूर येऊ लागतो. पुस्तिकेतल्या आकड्यापेक्षा अर्धा लिटर कमी भरावे, इंजिन सुरू करून ॲक्सिलरेटर न दाबता डॅशबोर्डवरचा ऑईलचा लाल दिवा विझण्याची वाट पाहावी (तीन-चार सेकंद लागतात), मिनिटभर चालवून बंद करावे, खाली गळती पाहावी. पाच मिनिटांनी डिपस्टिक पुसून पुन्हा बुडवावी आणि वरच्या खुणेच्या किंचित खाली येईपर्यंत थोडे-थोडे घालावे. दोन खुणांमधले अंतर बहुतेक गाड्यांत लिटरभराचे असते. उरलेले ऑईल झाकण घट्ट लावून ठेवावे, टॉप-अपला तेच उपयोगी पडते.

गॅरेजमध्ये बदलत असाल तर तीन गोष्टी आपल्यासमोर व्हाव्यात: सीलबंद कॅन फोडणे, जुना फिल्टर काढणे, डिपस्टिक दाखवणे. पिंपातले सुटे ऑईल घेऊ नये. रिकामा कॅन तिथेच सोडायचा तर झाकण आणि लेबल कापून सोडावा, नाहीतर तोच कॅन पुन्हा भरून विकला जाण्याची वाट मोकळी राहते. रॉकेल किंवा डिझेल घालून इंजिन धुण्याची जुनी पद्धत काही ठिकाणी अजून आहे, ती नको. उरलेले रॉकेल नवे ऑईल पातळ करते आणि एकदम सुटलेली मळी पंपाच्या जाळीवर जाऊन बसते. बाटलीतल्या ‘ट्रीटमेंट’चे पैसे वाचवून मुदतीआधी महिनाभर ऑईल बदलले तर इंजिनाचे जास्त भले होते. आणि नवे ऑईल हजार किलोमीटरांत काळे पडले म्हणून भांडू नये. ऑईलचे काम काजळी धरून ठेवणे हेच आहे.

लाल दिव्याचाही गैरसमज आहे. तो पातळीचा नाही, दाबाचा आहे. वळणावर क्षणभर चमकला तर ऑईल बरेच कमी झाले आहे असे धरावे. चालत्या गाडीत लागून राहिला तर ‘पुढच्या गॅरेजपर्यंत जाऊ’ हा विचारच करू नये. जुवारी पुलावर असाल तरी डावीकडे घेऊन इंजिन बंद करावे. पावसात साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारू नये. डिपस्टिकवर दूध घातलेल्या कॉफीसारखे ऑईल दिसले तर ऑईल-फिल्टर दोन्ही बदलून, इंजिन थोडे चालवून, ते दोन्ही पुन्हा बदलावे लागतात.

राहिला जळक्या ऑईलचा प्रश्न, आणि इथे आमची एक मागणी आहे. कायद्याने हा घातक कचरा आहे, २०१६ च्या नियमांत तो येतो, आणि १ एप्रिल २०२४ पासून वापरलेल्या ऑईलची जबाबदारी उत्पादकांवरही टाकलेली आहे. तरी घरी निघालेले तीन लिटर ऑईल पोरसाच्या कडेला, गटारात किंवा वाळवी लागू नये म्हणून वाशांना जाते. पावसात ते व्हाळात आणि विहिरीत उतरते. हाताला वारंवार लागणेही कातडीला घातक. सध्या ते रिकाम्या कॅनमध्ये भरून, अधिकृत खरेदीदाराला ऑईल देणाऱ्या गॅरेजकडे पोहोचवणे हाच मार्ग आहे. पालिका आणि पंचायतींनी सुका कचरा गोळा करण्याच्या ठिकाणी एक झाकणाचे पिंप ठेवावे, महिन्यातून एक वार ठरवावा आणि जुने फिल्टरही तिथेच घ्यावेत. फिल्टर देण्याआधी तोंड खाली करून रात्रभर निथळत ठेवावा. कॅनमध्ये पाणी, कूलंट किंवा ब्रेक ऑईल मिसळू नये, मिसळलेले ऑईल पुन्हा शुद्ध करणारे घेत नाहीत.

— मोटार दुरुस्तीच्या कामातील काही वाचक, फोंडा